डोंगरावर जाऊन लिहायचे पुस्तक



पेशंट बोलू लागला की त्याला मधे तोडायचे नाही, हा आमच्या होमिओपॅथीच्या शिक्षणातला पहिला पाठ. दुखणे गुडघ्याचे असले तरी आम्ही झोप विचारतो, स्वप्ने विचारतो, कशाची भीती वाटते तेही विचारतो. अडतीस वर्षे बेळगावात अशी बोलणी ऐकताना एक वाक्य माझ्या कानांवर इतक्या वेळा पडले आहे, की ते सुरू झाले की पुढचे मी मनातल्या मनात पुरे करतो. "डॉक्टर, एकदा ह्या सगळ्यातून मोकळा झालो ना, की आंबोलीला नाहीतर कुठल्यातरी डोंगरावर एक खोली घेणार आणि निवांत बसून पुस्तक लिहिणार." हे बोलणाऱ्यांत बँकेतून निवृत्त झालेले होते, शाळामास्तर होते, खडेबाजारातले कापडाचे व्यापारी होते, आणि चाळीस वर्षे सासरचे सगळे सणवार एकटीने निभावलेल्या एक आजीही होत्या. खरे सांगायचे तर हे वाक्य मी स्वतःही घरी पुष्कळदा बोललो आहे. तुमच्याही घरात कुणीतरी ते बोलत असेल. कदाचित तुम्हीच बोलत असाल.

ह्या लेखात त्या वाक्याची 'केस' घ्यायची आहे. ही इच्छा येते कुठून, तिच्यात खरे किती आणि भास किती, आणि ज्यांची पुस्तके खरोखर झाली त्यांची ती कशी झाली, एवढे पाहू.

पहिली गोष्ट अशी, की ह्या एका वाक्यात दोन निराळ्या इच्छा आहेत. पुस्तक लिहिणे ही काहीतरी मागे ठेवण्याची इच्छा आहे, आणि डोंगरावर जाणे ही काहीतरी मागे टाकण्याची. दोन्ही एकाच वयात, बहुधा पंचावन्नच्या पुढे, जोर धरतात, म्हणून त्या एकच वाटतात.

पुस्तकाची इच्छा त्या वयात का येते? आई-वडील गेलेले असतात. "आपले आजोबा ह्या गावात आले कसे?" असा प्रश्न पडला तर विचारायला वर कुणी उरत नाही, आणि एके दिवशी लक्षात येते की आता घरात सर्वांत जुने आपणच आहोत. आपल्यासारख्या, चार-पाच पिढ्या महाराष्ट्राच्या कडेला किंवा बाहेर राहिलेल्या घरांत तर ह्यात आणखी एक काळजी असते. मुले पुण्याला, बेंगळुरूला, परदेशात. नातवंडे मराठी बोलतात, पण देवनागरी वाचताना अडखळतात. आपण पाहिलेला बाजार, आपल्या घरात बोलली जाणारी कानडी वळणाची मराठी, लग्नाच्या मांड्यांमागची तीन दिवसांची गडबड, हे कुठल्या गॅझेटियरमध्ये नाही. ते आपल्याबरोबर जाणार, ही जाणीव पुस्तकाच्या इच्छेच्या मुळाशी आहे. ही इच्छा खरी आहे, आणि तिला हसू नये.

डोंगराची इच्छा थकव्यातून येते. एका कामात मन लागलेले असताना ते तोडले गेले, की परत तिथे पोचायला वेळ लागतो, आणि मनाचा एक तुकडा आधीच्या कामातच अडकून राहतो. दुधाची घंटा, फोन, पाहुणा, वीजबिल. घरातला प्रत्येक कोपरा आपल्याला एकेका राहिलेल्या कामाची आठवण करून देत असतो. नव्या जागी त्या खुणा नसतात. दोन रात्री झोप नीट लागते, तिसऱ्या दिवशी डोके स्वच्छ वाटते, आणि आपण म्हणतो, "काय हवा आहे इथली!" श्रेय हवेला मिळते, काम केलेले असते झोपेने आणि कामांच्या अभावाने.

हवेपुरते बोलायचे तर एक साधा आकडा सांगतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे, जुन्या हिशेबाने अडीच हजार फुटांवर. आंबोली आहे सुमारे ६९० मीटरवर. म्हणजे सत्तर किलोमीटरांचा रस्ता तुडवून आपण थंड हवेच्या ठिकाणी 'वर' जातो, तेव्हा प्रत्यक्षात पन्नास-साठ मीटर खाली उतरलेलो असतो! हे मला कळले तेव्हा मी बराच वेळ हसलो. आंबोलीत दरी आहे, धुके आहे, वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस आहे, ते सुंदरच आहे. पण उंचीच हवी असेल तर आपण आधीच डोंगरावर राहतो.

'डोंगर म्हणजे बरे होणे' हे समीकरण आपल्या मनात आले त्यालाही इतिहास आहे. इंग्रजांनी १८२९ च्या सुमारास माल्कमच्या कारकिर्दीत महाबळेश्वर वसवले ते उन्हाळा आणि आजारपण टाळण्यासाठी. पुढे क्षयावर औषध नव्हते त्या काळात पाचगणीसारख्या ठिकाणी आरोग्यधामे निघाली. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ मधला. तोवर डॉक्टरच्या हातात हवा, अन्न आणि विश्रांती एवढेच होते. आपल्या आजोबांच्या पिढीने 'डोंगरावर हवापालट' हे शब्द डॉक्टरच्या तोंडून ऐकले आहेत. त्याखाली आणखी जुना थर आहे तो भंडाऱ्याच्या डोंगराचा, शिवथरघळीचा, गिरनारचा. एकांत आणि शब्द यांची जोड आपल्याकडे फार जुनी आहे.

पण ह्या जुन्या कथाच नीट पाहिल्या तर त्या काय सांगतात? तुकोबा एकांतासाठी भंडाऱ्यावर जात, पण अभंग गायले ते देहूच्या लोकांत. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये नेवाशाला सांगितली गेली, श्रोत्यांपुढे. लिहून घ्यायला सच्चिदानंदबाबा होते. ती गुहेत बसून लिहिलेली पोथी नाही.

आमच्या दिगंबर जैन परंपरेतली एक कथा तर ह्या विषयाच्या मर्मावरच बोट ठेवते. आचार्य धरसेन गिरनारच्या चंद्रगुफेत राहत. परंपरेने कानोकान आलेल्या आगमाचा एक भाग त्यांना मुखोद्गत होता, आणि आपल्यानंतर तो जाणणारा कुणी उरणार नाही ही त्यांची चिंता होती. त्यांनी दक्षिणेत जमलेल्या मुनिसंघाला निरोप धाडला. दोन मुनी आले, ते पुढे पुष्पदंत आणि भूतबली म्हणून ओळखले गेले. धरसेनांनी त्यांना शिकवले. आषाढ शुद्ध एकादशीला शिकवणे संपले, आणि त्याच दिवशी त्यांनी दोघांना गिरनारवरून रवाना केले. दोघांनी चातुर्मास अंकलेश्वरला काढला. पुढे पुष्पदंत वनवासीला आले. हे वनवासी म्हणजे आपल्या शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातले बनवासी. तिथे त्यांनी आरंभीची सूत्रे रचली आणि शिष्याहाती भूतबलींकडे पाठवली. भूतबलींनी ग्रंथ पुरा केला. तो 'षट्खंडागम'. तो पूर्ण झाल्याचा दिवस, ज्येष्ठ शुद्ध पंचमी, आम्ही श्रुतपंचमी म्हणून पाळतो.

ह्या कथेत डोंगर आहे. पण डोंगरावर जे होते ते एका वृद्धाच्या स्मरणात होते, आणि ते वाचले ते डोंगर उतरल्यामुळे. शिवाय हे एकट्याचे काम नव्हते. एकाला आठवत होते, दुसऱ्याने सुरुवात केली, तिसऱ्याने पुरे केले. पुढे वीरसेनांनी त्यावर 'धवला' टीका लिहिली, ताडपत्रे मुडबिद्रीला शतकानुशतके जपली गेली, आणि १९३९ पासून डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली अमरावतीहून ती छापून निघू लागली. एक पुस्तक वाचायला इतकी माणसे लागली.

आता बाहेरचे दोन दाखले पाहू. 'रानात झोपडी बांधून लेखन' म्हटले की थोरोचे नाव निघतेच. अमेरिकेत वॉल्डन तळ्याकाठी तो ४ जुलै १८४५ ला राहायला गेला आणि दोन वर्षे दोन महिने राहिला. पण झोपडी गावापासून चालण्याच्या अंतरावर होती, जमीन मित्राची, म्हणजे इमर्सनची होती, आणि आई-वडिलांच्या घरी त्याचे येणे-जाणे चालू असे. झोपडीत त्याने मुख्यतः लिहिले ते एका नदीप्रवासाचे पुस्तक. ते १८४९ मध्ये निघाले आणि छापलेल्या हजारापैकी सातशेवर प्रती त्याच्याकडे परत आल्या. 'वॉल्डन' मात्र १८५४ मध्ये, झोपडी सोडल्यावर सात वर्षांनी, अनेक खर्डे करून प्रसिद्ध झाले. तळ्याकाठी त्याला अनुभव मिळाला. पुस्तक गावात झाले.

दुसरा दाखला डॉक्टर म्हणून मला अस्वस्थ करणारा आहे. जॉर्ज ऑर्वेल १९४६ पासून स्कॉटलंडच्या जुरा बेटावरच्या एका एकाकी घरात जाऊन '१९८४' लिहीत होता. पहिला खर्डा झाला आणि क्षयाने उचल खाल्ली. इस्पितळात काही महिने काढून १९४८ मध्ये तो पुन्हा तिथेच गेला. टंकलेखनिक तिथवर येईना, म्हणून थकलेल्या अंगाने सगळी कादंबरी स्वतःच टाइप केली. पुस्तक जून १९४९ मध्ये निघाले, आणि जानेवारी १९५० मध्ये तो गेला, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी. बेटानेच त्याला मारले असे मी म्हणणार नाही. पण एकांत म्हणजे आरोग्य नव्हे, एवढे ह्यातून घ्यावे. दमा, हृदयविकार, उच्च रक्तदाब असलेल्या साठीच्या माणसाने जुलैच्या आंबोलीत, ओल धरलेल्या खोलीत एकटे राहू नये. आणि हिमालयात अडीच हजार मीटरच्या वर तर आपल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय जाऊ नये.

घराजवळ या. लोकमान्यांचा सिंहगडावर बंगला होता, ते तिथे विश्रांतीला जात. पण 'गीतारहस्य' लिहिले गेले मंडालेच्या तुरुंगात, १९१० च्या नोव्हेंबरपासून १९११ च्या मार्चअखेरपर्यंत, म्हणजे पाचच महिन्यांत, शिसपेन्सिलीने. तुरुंगाचे कौतुक करायचे नाही. मधुमेहाने शरीर खचत होते आणि त्याच कारावासात त्यांच्या पत्नी गेल्या. पण पाच महिन्यांत ग्रंथ झाला त्यामागे त्या विषयाचे अनेक वर्षांचे चिंतन होते. विचार आधीच भरून आला होता. रिकाम्या मनाला एकांत दिला तर रिकामपणच मोठे होते.

आणि आपल्याच गावातले पाहा. इंदिरा संत. १९४६ मध्ये पती गेले, तीन मुले लहान. बेळगावच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवणे, पुढे प्राचार्यपद, घर, मुलांची आजारपणे, आणि ह्या सगळ्याच्या मधे 'शेला'पासून 'गर्भरेशीम'पर्यंतची कविता. 'गर्भरेशीम'ला १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जी. ए. कुलकर्णी आपल्या जिल्ह्यातल्या एकसंब्याचे, शिक्षण बेळगावचे. धारवाडला कॉलेजात जवळजवळ तीस वर्षे इंग्रजी शिकवत राहिले आणि मराठी कथा लिहीत राहिले, पुण्या-मुंबईच्या वर्तुळांपासून लांब. दोघांनाही डोंगर लाभला नव्हता. नोकरीचे तास लाभले होते, आणि उरलेल्या तासांतला एखादा तास त्यांनी कुणाला दिला नाही.

ह्या विषयावर मला लिहावेसे वाटले ते मात्र एका पेशंटमुळे. नाव सांगत नाही. शहापूरचे शिक्षक, घराणे मागावरचे. धोटा, ताणा, बाणा, खळ यांपासून सुरू होणारे विणकरीचे मराठी-कानडी शब्द, पहाटे माग सुरू करताना म्हणायची गाणी, कुठल्या गल्लीत कोण कसली किनार विणत असे, हे सगळे त्यांना ठाऊक होते. "आंबोलीला जाऊन लिहिणार," हे त्यांचे वाक्य मी अकरा वर्षे ऐकले. त्यासाठी त्यांनी घडीचे टेबल घेतले होते, दिवा घेतला होता. मग एका सकाळी पक्षाघात झाला, आणि मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसल्यामुळे वाचा गेली. समजत सगळे होते. शब्द ओठांपर्यंत येऊन परत जात. भेटायला गेलो की ते उजव्या निर्जीव हाताकडे बघत, मग डाव्या हाताने हवेत धोटा फेकल्यासारखे करत. मला कळत होते ते काय सांगताहेत. आणि ते शब्द मात्र मला ठाऊक नव्हते. दोन वर्षांनी ते गेले. घरच्यांनी त्यांची एक फाईल मला पाहायला दिली. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर चौदा मथळे होते, आणि प्रत्येकाखाली एकच ओळ: 'पुढे सविस्तर.'

अकरा वर्षे मी त्यांचे वाक्य ऐकून घेतले, पण "आज एक शब्द सांगा, मी लिहून घेतो," असे एकदाही म्हणालो नाही. ही चूक माझी.

त्यानंतर मी स्वतः आंबोलीला जाऊन पाहिले. दवाखान्यातल्या आठवणी लिहायच्या होत्या. अकरा दिवसांची खोली घेतली. पहिला दिवस टेबल खिडकीशी लावण्यात गेला, दुसरा झोपेत. तिसऱ्या दिवशी पाच पाने लिहिली, ती सगळी धुक्यावर. चौथ्या दिवशी लक्षात आले की लिहायचे ते सारे बेळगावात आहे. सालासाठी केसपेपर हवे, नावासाठी शेजारी हवा, आणि एका जुन्या दुकानाची जागा आठवायला तो रस्ता चालायला हवा. सहाव्या दिवशी परत आलो. मग दवाखाना उघडण्याआधीचा एक तास, साडेसहा ते साडेसात, फोन बंद ठेवून तिथल्याच टेबलावर बसू लागलो. तीन वर्षे लागली, पण वही भरली. भरल्यावर मात्र पुन्हा आंबोलीला गेलो, चार दिवस, आणि सगळे सलग वाचून काढले. तेव्हा त्या जागेचा उपयोग कळला. लिहिण्यासाठी गाव लागते. लिहिलेले लांबून पाहण्यासाठी डोंगर बरा.

आमच्या मुनींच्या चातुर्मासाकडे मी आता निराळ्या नजरेने पाहतो. आठ महिने विहार, पावसाळ्याचे चार महिने एका ठिकाणी मुक्काम. तो मुक्काम बहुधा गावात किंवा गावाजवळ असतो, आहार श्रावक देतात, आणि दिवस ठरलेल्या वेळांत बांधलेला असतो. लिहिणाऱ्याला हवे ते हेच आहे: ठरलेली जागा, ठरलेली वेळ, ठरलेली मुदत, आणि "ह्या तासात ह्यांना हाक मारू नका" एवढे समजणारे घर. हे घरातल्या बाईलाही मिळाले पाहिजे. त्या आजींना ते कधी मिळाले नाही.

हिशेब सोपा आहे. हाताने लिहिलेले एक पान साधारण दोनशे शब्दांचे. आठवड्याला पाच पाने धरली, तर वर्षातल्या पन्नास आठवड्यांत अडीचशे पाने होतात, म्हणजे पन्नास हजार शब्द. छापल्यावर दीडशेहून अधिक पानांचे पुस्तक. सुरुवात पहिल्या प्रकरणापासून करू नका. नक्की आठवते त्या एका प्रसंगापासून करा. साल, गल्लीचे नाव, वस्तूचा घरातला शब्द, हे लगेच टिपा. लिहवत नसेल तर बोला, आणि नातवाला मोबाइलवर ध्वनिमुद्रण करू द्या. त्याची देवनागरीही सुधारेल. आणि झालेले कपाटात ठेवू नका. आमच्या शास्त्राचे जनक हानेमान यांनी 'ऑर्गेनॉन'ची सहावी आवृत्ती १८४२ मध्ये, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी पुरी केली. दुसऱ्या वर्षी ते गेले, आणि ती छापली गेली १९२१ मध्ये. त्यांच्या हस्तलिखिताला एकोणऐंशी वर्षांनी तरी वाली भेटला. आपल्या वहीला रद्दीवाला त्याआधी भेटेल.

श्रुतपंचमीला आमच्या घरी ग्रंथ बाहेर काढतात, धूळ झटकून नवे वेष्टन घालतात. आई होती तोवर ते तिचे काम होते. गेल्या वर्षी मी त्या ग्रंथांशेजारी शहापूरच्या मास्तरांची फाईलही पुसून ठेवली. तिच्यातल्या चौदा मथळ्यांपैकी सहांखाली आता मजकूर आहे. त्यांच्या गल्लीत मागावर बसलेली दोन वयस्क माणसे अजून आहेत. रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे वही घेऊन जातो. उरलेले आठ शोधायचे आहेत. तुमच्या घरात ह्यातला एखादा शब्द कुणाला आठवत असेल, तर डोंगरावर जाण्याआधी तेवढा सांगून जा.